माझ्या मागे पोहणारी

आमच्या लेनमध्ये आम्ही सहा जणी होतो आणि मी पाचवी. म्हणजे सकाळी पाण्यात उतरलं की भिंतीशी रांगेत उभं राहायचं, समोरच्या मोठ्या घड्याळाचा लाल काटा साठवर आला की पहिली निघणार, पाच सेकंदांनी दुसरी, मग तिसरी, असं करत माझी पाळी विसावर यायची आणि माझ्यानंतर पंचविसावर सहावी. जाताना एका दोरीलगत, येताना दुसऱ्या दोरीलगत, गोल गोल, रहाटासारखं. ज्यांनी कधी टीममध्ये पोहून पाहिलं नाही त्यांना हे सांगितलं की नवल वाटतं, कारण टीव्हीवर दिसतं ते एका लेनमध्ये एक जण, मधे दोऱ्या, ज्याचं त्याचं पाणी. पण ते फक्त शर्यतीच्या दिवशी. बाकी वर्षभर तुम्ही कुणाच्या तरी पायांमागे असता आणि कुणीतरी तुमच्या पायांमागे असतं.

हा नंबर कुणी कागदावर लिहून देत नाही. मागच्या मुलीचा हात तुमच्या तळपायाला लागला की त्याचा अर्थ ठरलेला असतो, मी तुझ्यापेक्षा जोरात आहे, पुढच्या भिंतीला थांब आणि मला जाऊ दे. एकदा लागला तर चुकून लागला असेल, दोनदा लागला तर बाजूला व्हायचंच. कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी आले तेव्हा सहावी होते, चार महिन्यांत पाचवी झाले, आणि त्यानंतर वर्षभर चौथीच्या पायांकडे बघत पोहले. ते पाय मला अजून आठवतात. उजवा अंगठा डाव्यावर घासायचा, थकली की बुडबुडे कमी व्हायचे, टर्न घेताना टाचा जरा उशिरा वर यायच्या. त्या पायांपर्यंत पोचायचं, बस, एवढंच डोक्यात. मागे कोण आहे, कसं पोहतंय, हे बघायची गरजच कधी वाटली नाही. मागे म्हणजे जिला मी टाकून पुढे आले ती.

आता मला कळतं की लेनमधला पहिला नंबर म्हणजे मान कमी आणि काम जास्त. पाणी हवेपेक्षा जवळपास ८०० पट दाट असतं, आणि वेग दुप्पट करायचा म्हटलं तर पाण्याचा विरोध साधारण चौपट होतो, ताकद तर त्याहूनही कितीतरी जास्त लागते. पुढची मुलगी ते सगळं अंगावर घेते आणि मागच्यांना तिने फाडलेलं पाणी आयतं मिळतं. पाचव्या नंबरवर मी जे टायमिंग काढायचे त्यातला थोडा वाटा पुढच्या चौघींचा होता, हे मी सर मला मुद्दाम पहिल्या नंबरवर टाकेपर्यंत मानायलाच तयार नव्हते. त्या दिवशी १०० मीटरचे १० होते, १:४५ वर, म्हणजे दर पावणेदोन मिनिटांनी निघायचं. तिसऱ्यातच माझे हात शिशाचे झाले. वर पहिलीने मोजायचं पण असतं, कितवा चाललाय, कधी निघायचं, काटा कुठे आहे, बाकीच्या पाच जणी फक्त तिच्या मागे निघतात. मी पाचव्याला पाच सेकंद उशिरा निघाले आणि सगळ्या रांगेचं गणित बिघडवलं. मागून कुणीतरी शांतपणे म्हणालं, "पाचवर निघालीस, आता पुढचा पन्नासवर ये." कोण बोललं ते मी वळून पाहिलं नाही. सहावी होती ती. ती नेहमीच मोजायची.

तिच्या मोजण्याची एक गोष्ट सांगते.

एका शनिवारी संध्याकाळी २०० चे ८ होते. परीक्षा आठवड्यावर आलेली, सगळ्यांची झोप अर्धी, नोट्स पिशवीत आणि केस ओले, त्या दिवसांत आमचं सगळं असंच चालायचं, सकाळी पाचला पाणी, मग लेक्चरमध्ये डुलक्या, मग परत पाणी. सातवा संपला आणि पहिलीने गॉगल कपाळावर घेतले आणि म्हणाली, "झालं." तिला खरंच वाटलं होतं आठ झाले, ती खोटं बोलणाऱ्यातली नव्हती. पण माझ्या मोजणीत सात होते. मी चौथीकडे बघितलं, चौथीने माझ्याकडे, आणि दोघींनीही काही न बोलता टोप्या काढल्या. सर पलीकडच्या लेनशी वाकून कुणालातरी हात पाण्यात कसा पडतोय ते दाखवत होते. तेवढ्यात माझ्या बाजूचं पाणी हललं. सहावी भिंतीवरून सुटलीसुद्धा होती. एकटी. कुणाला आठवण करून दिली नाही, सरांना हाक मारली नाही, काटा पंचविसावर आला आणि ती तिच्या वेळेवर निघाली.

आम्ही पाच जणी कडेला धरून उभ्या आणि ती जातेय, टर्न घेतेय, परत येतेय. पहिलीने विचारलं, "अगं, आठ झाले ना?" आणि कुणी उत्तर दिलं नाही तेव्हा तिला कळलं. तिने टोपी चढवली आणि निघाली. तिच्यामागे दुसरी, मग तिसरी. मी सगळ्यात शेवटी निघाले, त्या दिवशी त्या लेनमध्ये सहावी मी होते.

मला तेव्हा तिचा राग आला होता. लिहिताना बरं वाटत नाही, पण आला होता. वाटलं, हळू पोहते म्हणून हे असलं काहीतरी करून लक्ष वेधून घेते. किती दिवस मी तसंच धरून चालले होते.

ती हळू होती ती फक्त फ्रीस्टाईलमध्ये, आणि आमचं निम्म्याहून जास्त ट्रेनिंग फ्रीस्टाईलचं असायचं, म्हणून ती सहावी. तिची खरी शैली ब्रेस्टस्ट्रोक. ब्रेस्टस्ट्रोकवाल्यांचं असं बऱ्याचदा होतं, त्यांचे घोटे बाहेरच्या बाजूला छान वळतात, पाय पाण्याला तळव्याने आणि नडगीच्या आतल्या बाजूने ढकलतात, तोच पाय फ्रीस्टाईलमध्ये सरळ ताणून मारायला लावला की अवघडतो. ब्रेस्टस्ट्रोकचे सेट असले की सर तिला पलीकडच्या लेनमध्ये टाकायचे, जोरात पोहणाऱ्यांच्यात. म्हणजे ती जेव्हा तिचं सगळ्यात चांगलं पोहत असायची तेव्हा ती माझ्या लेनमध्ये नसायची आणि माझ्या लेनमध्ये असायची तेव्हा माझ्या मागे. दोन्हीकडून माझी नजर चुकायची, किंवा खरं सांगायचं तर मी ती नेऊन ठेवतच नव्हते.

दुसऱ्या वर्षी मेडली रिलेची टीम लागली त्यात ब्रेस्टस्ट्रोकला ती आणि फ्लायला, म्हणजे बटरफ्लायला, मी.

मेडली रिलेत चौघी एकेक शैली पोहतात आणि क्रम पक्का असतो, आधी बॅकस्ट्रोक, मग ब्रेस्टस्ट्रोक, मग बटरफ्लाय आणि शेवटी फ्रीस्टाईल. बॅकस्ट्रोक पहिला ठेवावाच लागतो कारण त्याची सुरुवात पाण्यातून होते, वर ब्लॉकवरून सूर मारायचा आणि खाली भिंतीशी कुणी पाठीवर निघायचं हे जमणारच नाही. पुढच्या तिघी ब्लॉकवरून निघतात, आणि त्यात नियम एकच पण कडक, आधीच्या मुलीचा हात भिंतीला लागेपर्यंत तुमच्या पायाचा काही ना काही भाग ब्लॉकला टेकलेला पाहिजे. अंग हललं तरी चालतं. हात मागे फिरवून झोका घ्या, पुढे झुका, सगळं चालतं, फक्त पाय सुटता कामा नये. इथेच रिलेची सगळी गंमत आहे. एकट्याच्या शर्यतीत भोंगा वाजल्यावर पाय सुटेपर्यंत चांगल्या पोहणाऱ्यांनाही ०.६, ०.७ सेकंद जातात. रिलेत येणारी दिसत असते, त्यामुळे तिचा हात लागला आणि तुमचे पाय सुटले यातलं अंतर ०.२ वर आणता येतं, कधी त्याहून कमी. तीन टेकओव्हर, म्हणजे एकीकडून दुसरीने शर्यत घ्यायच्या तीन वेळा, प्रत्येकी जवळजवळ अर्धा सेकंद. कुणीही एक हात जास्त जोरात न मारता टीमचा सेकंदाहून जास्त वेळ वाचतो. हा वेळ चौघींपैकी कुणा एकीचा नसतो, तो दोघींच्या मधे असतो. मला हे वाक्य तेव्हा सुचलं असतं तर बरं झालं असतं.

आम्ही टेकओव्हरचा सराव केला होता. केला नव्हता असं नाही. ती भिंतीपासून पंधरा मीटरवर उभी राहायची, तिथून जोरात यायची, मी ब्लॉकवर वाकून तिचे हात बघायचे आणि सूर मारायचे. दहा-बारा वेळा केलं असेल. दर वेळी मस्त जमलं, सर खाली मान घालून स्टॉपवॉच बघायचे आणि अंगठा दाखवायचे. त्या सरावात एक चूक होती, ती कुणाच्याच लक्षात आली नाही. ती दर वेळी ताजी होती.

शर्यतीच्या दिवशी दुसऱ्या बाजूच्या मुलींचा आरडाओरडा, शिट्ट्या, क्लोरीनचा वास, आणि माझे पाय ब्लॉकच्या कडेला, अंगठे वाकवून. आमची बॅकस्ट्रोकवाली आयुष्यातलं सगळ्यात भारी पोहली आणि तिसरी आली. मग ती, माझी सहावी, पाण्यात गेली. मी ब्लॉकवर चढले आणि मला आठवतंय की मी पहिल्या तीन लॅप तिच्याकडे बघितलंच नाही. शेजारच्या लेनच्या फ्लायवालीकडे बघत होते, तिचे खांदे, तिची उंची, तिला कसं गाठायचं. ओरडा वाढला तेव्हा खाली बघितलं तर ती दुसऱ्या नंबरवर येत होती. एक मुलगी मागे टाकली होती तिने. माझ्या छातीत एकदम काहीतरी उसळलं, आता आपण, आता मी. ती आत आली, डोकं खाली गेलं, हात पुढे सुटले, आणि मी झोका घेतला. सरावात इथे तिचे हात सरळ भिंतीला लागायचे.

या वेळी ते वीतभर आधी थांबले. तिची घसरण, म्हणजे हात ताणून पाण्यात पुढे सरकत जाणं, संपली, तिला अजून एक अर्धा हात घ्यावा लागला, छोटासा, छातीजवळचा. तोपर्यंत मी हवेत होते.

हवेत असतानाच कळलं. कसं ते माहीत नाही, पण पाण्याला टेकायच्या आत कळलं होतं. तरी शंभर मीटर फ्लाय पोहले, काय करणार, आणि मनात सारखं येत होतं की कदाचित नसेल दिसलं कुणाला. शेवटची मुलगी पोहली, आम्ही दुसऱ्या आलो, चौघींनी एकमेकींना मिठ्या मारल्या आणि मी त्या मिठीत काही बोलले नाही. दोन-तीन मिनिटांनी पंचांचा निर्णय आला. निकालाच्या कागदावर आमच्या नावापुढे वेळेच्या जागी दोन अक्षरं, डीक्यू, म्हणजे बाद.

त्यातसुद्धा एक गोष्ट आहे जी पोहण्याबाहेरच्यांना सहसा माहीत नसते. रिले बाद झाली तरी पहिल्या पोहणाऱ्याची वेळ रद्द होत नाही, कारण तो भोंग्यावर निघालेला असतो आणि नंतरची चूक त्याची नसते. आमच्या बॅकस्ट्रोकवालीचं टायमिंग सरांनी तिच्या वहीत बिनधास्त लिहिलं. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या नंबरच्या स्प्लिटला, म्हणजे रिलेतल्या एकटीच्या वेळेला, तसाही अधिकृत दर्जा नाही, उडत्या सुरुवातीमुळे. सरांच्या घड्याळात सहावीचे १:२४.६ होते, याआधी ती कधी १:२७ च्या खाली आली नव्हती. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं शंभर मीटर, आणि त्याचा पुरावा एका स्टॉपवॉचच्या काचेवर, जे सरांनी थोड्या वेळाने पुढच्या शर्यतीसाठी शून्यावर आणलं.

त्या रात्री झोप येईना म्हणून मी शोधत बसले की जगात आणखी कुणाचं असं झालंय. बऱ्याच जणांचं झालंय. पण एक गोष्ट वाचून मी उठून बसले. २००७ साली मेलबर्नच्या जागतिक स्पर्धेत अमेरिकेची पुरुषांची मेडली रिले हीटमध्येच, म्हणजे फायनलच्या आधीच्या फेरीतच, बाद झाली होती. चूक कुणाची, तर इयन क्रॉकरची, जो तेव्हा १०० मीटर फ्लायचा जागतिक विक्रमवीर होता. अगदी माझीच जागा, ब्रेस्टस्ट्रोककडून फ्लायकडे. यंत्राच्या चुकीसाठी ०.०३ सेकंदांची सूट देतात आणि तो ०.०४ आधी निघाला. एक शतांश. मायकेल फेल्प्स त्या स्पर्धेत ७ सुवर्णपदकं जिंकला, आठव्याची संधी या रिलेत होती आणि त्याला फायनलमध्ये पोहायलाच मिळालं नाही.

मी वाचत गेले कारण मला बघायचं होतं की त्यानंतर काय झालं त्या माणसाचं. पुढच्याच वर्षी, २००८ ला, बीजिंग ऑलिंपिकमध्ये त्याच रिलेच्या हीटमध्ये फ्लायला परत क्रॉकरच उभा होता. त्याच जागी, परत तेच टेकओव्हर. टीम फायनलला गेली, फायनलमध्ये फ्लाय फेल्प्सने पोहला, ३:२९.३४ चा जागतिक विक्रम झाला आणि ते फेल्प्सचं त्या ऑलिंपिकमधलं आठवं सुवर्ण. हीटमध्ये पोहणाऱ्यांनाही तेच पदक मिळतं. लोकांना आठ पदकं गळ्यात घातलेला एक माणूस आठवतो आणि आठवावाच, तो तेवढा मोठा आहे. मला मात्र त्या रात्रीपासून हीटच्या त्या ब्लॉकवर उभा असलेला क्रॉकर जास्त आठवतो. येणाऱ्याच्या हातांकडे बघताना काय चाललं असेल त्याच्या मनात. आणि त्याला परत तिथे उभं करणाऱ्यांच्या मनात.

सहावी माझ्याशी चार दिवस बोलली नाही. मला वाटलं होतं ती म्हणेल जाऊ दे, होतं असं, बाकीच्या दोघी तसंच म्हणाल्या होत्या आणि त्यांच्या म्हणण्याने मला आणखी वाईट वाटलं होतं. ती काहीच म्हणाली नाही. लेनमध्ये माझ्या मागे उभी राहायची, पंचविसावर निघायची, निघून जायची. पाचव्या दिवशी मी कपडे बदलायच्या खोलीत तिला गाठलं आणि सॉरी म्हणाले, बरंच काही पाठ करून गेले होते, त्यातलं एवढंच बाहेर आलं. ती केस पुसत होती. म्हणाली, "तू बघत नव्हतीस."

मी म्हणाले, "अगं मी बघत होते, तू आत आलीस तेव्हा..."

"तेव्हा नाही. आधी."

मला पुढे बोलता येईना. खरं होतं ते. शेवटचे पाच मीटर मी बघितले होते, आणि शेवटचे पाच मीटर कसे असणार ते आधीच्या पंच्याण्णव मीटरमध्ये लिहिलेलं होतं. आणि खरं तर ती शर्यतीबद्दल पण बोलत नसावी, दीड वर्ष ती माझ्या पायांमागे होती, आणि मी चौथीचे पाय ओळखत होते, हिचं काहीच मला सांगता आलं नसतं.

मी सरांना जाऊन सांगितलं की मला तिला ब्रेस्टस्ट्रोक पोहताना बघायचंय. सरांनी काही विचारलं नाही. पुढचे तीन आठवडे तिचा ब्रेस्टस्ट्रोकचा मुख्य सेट असला की माझा सेट अर्धा तास उशिरा, आणि मी भिंतीशी ब्लॉकजवळ बसून मोजायचं. "हात मोज," एवढंच म्हणाले ते. मी पहिल्या दिवशी कंटाळले, दुसऱ्या दिवशी वही आणली. पंचवीस मीटरच्या पूलमध्ये शंभर मीटरला चार लॅप, आणि तिचे हात पहिल्या लॅपला ८, दुसऱ्याला ९, तिसऱ्याला १०, आणि चौथ्याला कधी ११, कधी १२. म्हणजे थकत गेली की प्रत्येक हाताची घसरण कमी होत जाते. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये वेग एकसारखा नसतोच, पाय मारला की सुसाट पुढे, श्वासाला डोकं वर आलं की जवळजवळ थांबल्यासारखं, बाकी कुठल्याच शैलीत एका हातात एवढा चढउतार नाही, म्हणून तर ब्रेस्टस्ट्रोकवालीकडून टेकओव्हर घेणं सगळ्यात अवघड समजतात. मी ताज्या मुलीच्या घसरणीवर निघत होते आणि येत होती ती दमलेली मुलगी.

वहीत आणखीही काय काय यायला लागलं. दमली की तिची हनुवटी आधी वर येते. तिसऱ्या लॅपच्या टर्नला ती श्वास पूर्ण घेत नाही. शेवटच्या झेंड्यांखाली, जे भिंतीपासून पाच मीटरवर टांगलेले असतात बॅकस्ट्रोकवाल्यांसाठी, तिथे तिचं डोकं पाण्यावर असेल तर दोन हात आणि एक छोटा, पाण्याखाली असेल तर नीट दोन. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती जरा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "तिसऱ्या टर्नचं मला माहीत नव्हतं." दुसऱ्या दिवसापासून ती तिथे श्वास पूर्ण घ्यायला लागली. मग तिने माझा फ्लाय बघितला आणि सांगितलं की मी शेवटच्या पंधरा मीटरला घाबरून दर हाताला श्वास घेते आणि माझे कुल्ले खाली जातात. दीड वर्ष मागून बघत होती ती, तिला माझं सगळंच माहीत होतं, कुणी विचारलं नव्हतं म्हणून सांगितलं नव्हतं.

पूलच्या कडेला ओरडणं, एकसारखे टीशर्ट, हाताची साखळी करून घोषणा, हे सगळं मला आवडतं, आम्हीही करायचो. पण टीम म्हणजे ते नाही असं मला तेव्हापासून ठामपणे वाटतं. ओरडताना डोळे कुठेही असू शकतात. एखाद्याचे हात मोजायचे तर तिथेच बघावं लागतं आणि बराच वेळ बघावं लागतं.

टेकओव्हरचा सराव पण बदलला. आता ती पंधरा मीटरवरून यायची नाही, पूर्ण शंभर पोहून यायची, दमून, आणि मग मी. दिवसातून दोनदाच जमायचं, कारण तिसऱ्याला तिच्यात जीव राहायचा नाही. माझे पहिले सहा टेकओव्हर भयानक उशिरा होते, अर्ध्या सेकंदाहून जास्त, भीतीच बसली होती पायात. सर म्हणायचे, उशीर चालेल, पण बघून उशीर कर, डोळे मिटून नको. हळूहळू खाली आलं.

पुढच्या वर्षी तीच स्पर्धा, तोच क्रम, बॅकस्ट्रोकवाली मात्र नवीन. मला सरांनी फ्लायवरच ठेवलं. मी एकदा म्हणून बघितलं होतं की दुसऱ्या कुणाला घ्या, ते म्हणाले, "तिच्याकडून टेकओव्हर दुसरं कोण घेणार, तिचे हात तुलाच माहीत आहेत," आणि ती बाजूलाच बसून गॉगलचा पट्टा बांधत होती, तिने मान वर केली नाही, पण हसली.

या वेळी मी शेजारी बघितलं नाही. पहिली लॅप ८. दुसरी ९. तिसऱ्या टर्नला तिने श्वास पूर्ण घेतला, मला तो वरून दिसला, आणि मला एवढं बरं वाटलं की क्षणभर मी शर्यतच विसरले. चौथी, सात, आठ, नऊ. झेंड्यांखाली डोकं पाण्यावर. म्हणजे दोन आणि एक छोटा. हात पुढे सुटले, माझ्या सगळ्या अंगाला निघायचं होतं आणि मी निघाले नाही. मग तो छोटा हात आला, छातीजवळचा, तसाच, जसा गेल्या वर्षी मी हवेत असताना आला असणार, आणि मी झोका घेतला. तिची बोटं भिंतीला लागली ती मला दिसली. पायाखालचा ब्लॉक सुटला तो त्यानंतर.

आम्ही चौथ्या आलो. पदक नाही. निकालाच्या कागदावर आमच्या नावापुढे वेळ होती, मी तो कागद भिंतीवरून काढून आणला, अजून आहे माझ्याकडे.

आता माझं शेवटचं वर्ष आहे. लेनमध्ये मी तिसरी आहे, ती दोन महिन्यांपूर्वी शिकणं संपवून गेली, आणि माझ्या मागे पहिल्या वर्षाची एक मुलगी आलीये, फार बोलत नाही, पंधरावर बरोबर निघते. परवा सेट संपल्यावर मी बाहेर आले आणि टॉवेल गुंडाळून भिंतीशी बसून राहिले. ती कूलडाउन करत होती. तिचा डावा हात पाण्यात पडताना डोक्याच्या मधल्या रेषेच्या पलीकडे जातो, आणि तो जातो फक्त उजवीकडून श्वास घेताना. तीन लॅप मोजून खात्री केली. मग ती भिंतीला आली, गॉगल काढले, आणि मी अशी का बसलेय म्हणून माझ्याकडे बघायला लागली.